मुन्नारचा निसर्ग मळ्यात नाही, माळावर आहे

केरळच्या सहलीचा जो साचा महाराष्ट्रात रूढ झाला आहे त्यात कोची, मुन्नार, ठेक्कडी आणि अलप्पुळा ही ठिकाणे ठरलेली असतात. मुन्नारच्या वाट्याला दोन रात्री येतात. तेवढ्या वेळात चहाच्या मळ्यात छायाचित्रे, चहाचे संग्रहालय, मट्टुपेट्टीच्या जलाशयात नौकाविहार, मसाल्याच्या बागेत खरेदी आणि वेळ उरलाच तर राजमल्याचा डोंगर, असा क्रम लागतो. सहलीच्या पत्रकात या सगळ्याला निसर्गदर्शन म्हटलेले असते. दोन दिवस कमी पडतात अशी तक्रार पुष्कळ जण करतात. मला ती पटत नाही. मुन्नारचा निसर्ग ओळखायला दोन दिवस पुरतात, पण त्यासाठी चहाला शेती म्हणून पाहावे लागते, आणि वेळ उरला तर म्हणून मागे ठेवलेला डोंगरमाथा आधी घ्यावा लागतो. हा डोंगराळ प्रदेश जगात महत्त्वाचा ठरतो तो शोला नावाच्या ठेंगण्या सदाहरित जंगलांमुळे आणि त्यांना वेढून असलेल्या गवताळ माळांमुळे. चहा त्यांच्या शेजारी, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्या जागी, आला.

चहाचे झाड मोकळे सोडले तर चांगले डोक्यावर जाते. मुन्नारच्या उतारांवर दिसणारी कमरेएवढी सपाट झुडपे ही सततच्या कापणीने तशी ठेवलेली आहेत. दर आठ-पंधरा दिवसांनी कोवळी पाने खुडायची, दर चार-पाच वर्षांनी सगळे झुडूप खोडापर्यंत छाटायचे, खत घालायचे, तण काढायचे, किडीसाठी फवारणी करायची, असा हा व्यवहार शंभर वर्षांहून अधिक काळ त्याच झुडपांवर चालू आहे. मधूनमधून उभी असलेली उंच झाडे बहुतेक सिल्व्हर ओकची. ती ऑस्ट्रेलियातून सावलीसाठी आणली. कोल्हापूरकडचा उसाचा पट्टाही डोळे निववणारा हिरवा असतो, पण त्याला कोणी वन म्हणत नाही. चहाच्या बाबतीत मात्र आपली फसगत होते, कारण हे पीक डोंगरावर असते, त्यावर धुके उतरते आणि त्याच्या ओळी उताराच्या वळणाने वळत जातात. ही शेती सुंदर आहे, यात वाद नाही. पण ज्या उतारावर पूर्वी शेकडो जातींच्या वनस्पती होत्या तिथे आता जवळपास एकच आहे. दाट जंगलातले पक्षी आणि बेडूक चहाच्या सलग मळ्यात फारच थोडे टिकतात, हे पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडील निरीक्षणांतून वारंवार दिसून आले आहे.

या मळ्यांचा इतिहास फार जुना नाही. १८७७ साली जॉन डॅनियल मन्रो या इंग्रज अधिकाऱ्याने पूंजारच्या राजघराण्याकडून कण्णन देवन टेकड्यांची विस्तीर्ण जमीन मिळवली. दोन वर्षांनी लागवडदारांची एक संस्था उभी राहिली. सुरुवातीला सिंकोना, कॉफी, वेलदोडा असे प्रयोग झाले. १८८० च्या सुमारास ए. एच. शार्प यांनी पार्वती मळ्यात चहा लावला आणि हळूहळू बाकीची पिके मागे पडली. १८९७ मध्ये कंपनी स्थापन झाली, विसाव्या शतकाच्या आरंभी कुंडला खोऱ्यात चहाची वाहतूक करणारी छोटी रेल्वेही धावली. १९२४ च्या महापुरात ती वाहून गेली. थोडक्यात, पर्यटक ज्याला मुन्नारचे सनातन रूप समजतो ते जेमतेम दीडशे वर्षांचे आहे.

त्याआधी इथे काय होते, याचे उत्तर डोंगरांच्या वरच्या भागात अजून उभे आहे. मुन्नारचा बाजार आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून थोडाच खाली आहे आणि शेजारचे अनाईमुडी २,६९५ मीटर उंच, म्हणजे हिमालयाच्या दक्षिणेला भारतातले सर्वांत उंच शिखर. साधारण अठराशे मीटरच्या वर गेले की माथे आणि उघडे उतार गवताचे, आणि दोन उतारांमधल्या घळीत, जिथे पाणी व माती साचते तिथे, शेवाळाने लगडलेल्या गाठाळ झाडांचे दाट जंगल, असा पट उलगडतो. जंगलाची कड इतकी रेखीव असते की गवतातून एक पाऊल टाकले की माणूस सावलीत जातो. ही रचना पाहून ब्रिटिश अधिकाऱ्यांना वाटले, की मूळचे जंगल कुणीतरी जाळले-तोडले असणार आणि गवत हे त्या नासधुशीचे उरलेले चिन्ह आहे. पुढे स्वतंत्र भारतातही बराच काळ हाच समज चालला. तो चुकीचा आहे याचा भक्कम पुरावा शेजारच्या नीलगिरी पर्वतातल्या दलदलींनी दिला. तिथे कुजक्या वनस्पतींचे पीट नावाचे थर हजारो वर्षे एकावर एक साचत आले आहेत. उष्ण प्रदेशातले गवत आणि झाडे हवेतला कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने घेतात, त्यामुळे थरातल्या कार्बनच्या प्रकारांवरून त्या काळी गवत अधिक होते की झाडे हे सांगता येते. रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मागच्या वीस हजार वर्षांचा असा आलेख मांडला. हवामान कोरडे झाले की गवत पसरे, ओले झाले की जंगल सरसावे. म्हणजे या माथ्यांवर शेतकरी किंवा मळेवाला पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून गवत होते. आजही हिवाळ्याच्या रात्री मोकळ्या माळावर दहिवर गोठते आणि शोलातल्या झाडांची रोपे करपतात, तर घळीतल्या दाटीत ती वाचतात. दोघांची सीमा टिकण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते.

या माळावर आणि घळीत राहणाऱ्या जीवांची यादी मोठी आहे, पण चारच उदाहरणे पुरेत. नीलगिरी ताहर हा डोंगरी प्राणी दक्षिण भारतात कड्यांवर राहणारा एकमेव खूरधारी. दिसतो बकऱ्यासारखा आणि पूर्वी त्याची गणना हिमालयातल्या ताहरबरोबर होई, पण २००५ च्या जनुकीय अभ्यासाने तो मेंढ्यांना अधिक जवळचा असल्याचे दाखवले आणि त्याला स्वतंत्र प्रजाती मिळाली. जगात तो फक्त केरळ आणि तमिळनाडूच्या डोंगरांत आहे, आणि सर्वांत मोठा एकत्रित समूह मुन्नारला लागून असलेल्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात आहे. दुसरे उदाहरण अनाईमुडीच्या माथ्यावरच्या नारिंगी-लाल बेडकाचे. २०१० मध्ये एस. डी. बिजू यांच्या चमूने त्याची शास्त्रीय नोंद केली. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पुण्याचे योगेश शौचेही होते. हा बेडूक खुज्या बांबूच्या बुंध्याशी अंडी घालतो आणि अंड्यातून डिंभक न येता थेट पिल्लू बाहेर येते, त्यामुळे त्याला डबके लागत नाही. तिसरा एक पक्षी, शोलाच्या कडेला गाणारा पळणी लाफिंगथ्रश. त्याच्या शास्त्रीय नावात सॅम्युअल फेअरबँक हे नाव आहे. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलेले हे पाद्री शेजारच्या पळणी डोंगरांत पक्षी गोळा करीत. नगरच्या दुष्काळी मुलखात राहणाऱ्या माणसाचे नाव या धुकट जंगलातल्या पक्ष्याला लागावे, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी. आणि चौथी नीलकुरिंजी. आपल्या सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते. तिचीच ही सगोत्र बारा वर्षांनी फुलते, तीही गवताळ उतारांवर. २००६ साली ती फुलली, २०१८ साली फुलली, आणि यापुढचा बहर २०३० चा आहे. यातले काहीही केवळ चहाच्या मळ्यावर तगत नाही.

माळ नाहीसा कसा झाला, हे समजून घेतले म्हणजे मळ्याकडे पाहण्याची नजर बदलते. चहाने जागा घेतली ती मुख्यतः मधल्या उंचीवरच्या जंगलांची. वरच्या गवताचा घास घेतला तो दुसऱ्याच झाडांनी. चहाचे पान खुडून भागत नाही, ते वाळवावे लागते. एक किलो तयार चहासाठी चार-साडेचार किलो ओले पान लागते आणि त्यातले पाणी घालवायला उष्णता हवी. त्या भट्ट्यांसाठी युकॅलिप्टसची लागवड झाली. कातडी कमावण्याच्या उद्योगाला टॅनिन हवे होते, त्यासाठी ऑस्ट्रेलियाचा काळा वॅटल आला. गवताळ माळ पडीक, म्हणून त्यावर झाडे लावणे पुण्याचे, हा विचार सरकारी वनीकरणातही मुरलेला होता. मुन्नारच्या पूर्वेला लागून असलेल्या पळणी डोंगरांचा उपग्रहचित्रांवरून अभ्यास झाला आहे. १९७३ ते २०१४ या काळात तिथला गवताळ प्रदेश सुमारे दोन तृतीयांशाने घटला आणि परदेशी झाडांच्या लागवडी कित्येक पटींनी वाढल्या. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला हा प्रदेश अधिक हिरवा झालेला दिसतो. हा दृष्टिदोष आपल्याकडेही आहे. कासच्या पठारासारखे सडे आणि सोलापूर-नगरकडची गवती कुरणे कित्येक वर्षे कागदोपत्री पडीकच होती. कास आणि एरविकुलम २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत एकत्रच गेले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. ताहर वाचला तो चहावाल्यांमुळेच, असे मुन्नारचे जाणकार सांगतात. यात तथ्य आहे. एरविकुलमचे पठार मळ्यांच्या गोऱ्या व्यवस्थापकांनी शिकारीसाठी राखले होते. त्यांच्या संघटनेने मुथुवान या स्थानिक आदिवासी समाजातल्या लोकांना राखणदार नेमले आणि भुरट्या शिकारीला आळा घातला. इतर अनेक डोंगरांतून ताहर संपत असताना इथे तो टिकला. पण या गोष्टीचा उत्तरार्धही सांगायला हवा. १९७१ साली केरळ सरकारने कायदा करून चहाखाली नसलेली जमीन परत घेतली, १९७५ मध्ये एरविकुलम अभयारण्य झाले आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान. ताहर वाचला तो ज्या जमिनीवर चहा लावला गेला नाही त्या जमिनीवर. मळेवाल्यांना श्रेय द्यायचे ते त्यांनी जे सोडून दिले त्याबद्दल. चहाचे झुडूप ताहरला ना चारा देते, ना लपायला कडा. अर्थात मळ्यांमध्ये शिल्लक असलेल्या जंगलाच्या तुकड्यांचे मोल कमी नाही. उत्तरेला तमिळनाडूत वालपारईच्या पठारावर चहा-कॉफीच्या मळ्यांत अडकलेल्या अशा तुकड्यांतून सिंहपुच्छ वानर जगतात आणि हत्ती ये-जा करतात. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या दिव्या मुदप्पा आणि टी. आर. शंकर रामन यांनी मळेमालकांच्या सहकार्याने तिथे स्थानिक झाडे लावून ते तुकडे सावरण्याचे काम दोन दशकांहून अधिक काळ केले आहे. मळा निसर्गाला सोबत करू शकतो. पण त्यासाठी मळ्यात जंगल राखावे लागते, आणि हे जंगल कुठे आहे असे विचारणारा पाहुणा यावा लागतो.

दुसरा आक्षेप असा, की चहा नसता तर आज तिथे काय असते? हॉटेलांचे मजले. मुन्नारच्या आसपास उतार कापून उठलेल्या इमारती पाहिल्या की हे म्हणणे खोडून काढता येत नाही. चहाचे झुडूप निदान जमीन झाकून ठेवते आणि हजारो कुटुंबांचे पोट भरते. म्हणूनच मळे बघूच नयेत असा माझा सल्ला नाही. ते श्रमाची जागा म्हणून बघावेत. पाने खुडणाऱ्या बहुतेक स्त्रिया तमिळ कुटुंबांतल्या आहेत आणि त्यांच्या पणज्या-खापरपणज्या मजूर म्हणून इथे आणल्या गेल्या. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये या स्त्रियांनी प्रस्थापित कामगार संघटनांना बाजूला ठेवून बोनस आणि मजुरीसाठी मुन्नारचा रस्ता अडवला. पेम्पिळै ओरुमै, म्हणजे बायकांची एकजूट, या नावाने ते आंदोलन देशभर गाजले. २०२० च्या ६ ऑगस्टच्या रात्री मुसळधार पावसात राजमल्याजवळ पेट्टिमुडी इथे दरड कोसळली आणि कामगारांच्या चाळींवर आली. सत्तर माणसे गेली. या चाळींना तिथे लयम म्हणतात. पर्यटकाच्या छायाचित्रात टोपली घेतलेली बाई असते, लयम नसते. मळ्याला निसर्ग म्हटले की त्यातले काम दिसेनासे होते, आणि काम करणारी माणसे देखाव्याचा भाग होऊन जातात. म्हणून मळ्याला शेती म्हणणे हा त्या माणसांचा मान राखण्याचाही मार्ग आहे.

आता दोन दिवसांत काय पाहायचे, ते. मुन्नारहून तमिळनाडूतल्या उडुमलपेटकडे जाणारा एकच रस्ता पुरतो. गावातून निघाल्यावर आधी मळे लागतात. पंधरा किलोमीटरच्या आत राजमला, एरविकुलमचा पर्यटकांसाठी खुला असलेला भाग. वनखात्याच्या बसने वर जायचे आणि ठरलेल्या वाटेने चालायचे. इथे ताहर माणसाला सरावलेले आहेत आणि अगदी जवळून दिसतात, पण वेळ द्यायचा तो समोरच्या उतारांना. गवत कुठे थांबते, घळीतले जंगल कुठे सुरू होते, मळ्याची शेवटची ओळ कुठे आहे, हे तीनही एका नजरेत इथूनच मावतात. खाली उतरून पुढे लक्कमचा धबधबा. त्यानंतर रस्ता पर्जन्यछायेत शिरतो आणि मरयूर येते. तिथे चंदनाचे नैसर्गिक जंगल आहे आणि महापाषाणयुगीन दगडी थडगी आहेत, ज्यांना लोक मुनियरा म्हणतात. मुन्नारपासून साठेक किलोमीटरवर चिन्नार अभयारण्य. मुन्नारला वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, चिन्नारला सुमारे पाचशे, म्हणजे आपल्या माणदेशाइतका. तिथे काटेरी झुडपे आहेत, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेली कासवे आहेत आणि आपल्या शेकरूची करडी भाऊबंद असलेली दुर्मीळ मोठी खार आहे. पाणीही या रस्त्यावर दोन दिशांना वाटले जाते. मुन्नारच्या बाजूचे मुतिरप्पुळा नदीतून पेरियारला आणि अरबी समुद्राला, मरयूरकडचे पांबार नदीतून अमरावतीला, पुढे कावेरीला आणि बंगालच्या उपसागराला. दोन-अडीच तासांच्या प्रवासात ओल्या डोंगरापासून कोरड्या रानापर्यंतचा हा उतार पाहिला, की पश्चिम घाट पाऊस कसा अडवतो हे पुस्तकाशिवाय समजते. मट्टुपेट्टीची नाव सोडली तर यासाठी वेगळा दिवस काढावा लागत नाही.

एक शंका निसर्गप्रेमींचीच असते. सगळे पर्यटक शोलाकडे वळवले तर शोलाचेच वाटोळे होईल, लोक मळ्यातच रमलेले बरे. गर्दीची भीती खरी आहे. नीलकुरिंजीच्या बहरात फुले तोडणे आणि झुडपे तुडवणे हे सगळे घडते. पण राजमल्याचा पुरावा उलट दिशेने बोलतो. तिथे उद्यानाचा लहानसा भागच खुला आहे, खासगी वाहनाला प्रवेश नाही, वाट सोडता येत नाही आणि ताहरच्या विणीच्या काळात दरवर्षी दार बंद होते. इतके लोक येऊनही तिथले ताहर टिकून आहेत. चिन्नारमध्येही पायी हिंडायचे तर वनखात्याचा माणूस सोबत घ्यावा लागतो, आणि ही माणसे बहुधा तिथल्याच आदिवासी वस्त्यांतली असतात. नियम असलेल्या जागी जाणारा पाहुणा निसर्गाला जड होत नाही. जड होतो तो ज्याला समोर काय आहे हे कुणी सांगितलेले नाही. शिवाय ज्याची किंमत लोकांना ठाऊक नाही ते जपण्यासाठी कोणतेही सरकार फार काळ पैसा खर्च करत नाही. मुन्नारजवळच्या वट्टवडा गावाच्या परिसरात वनखात्याने गावकऱ्यांच्या मदतीने वॅटल काढून गवत पुन्हा रुजवण्याचे काम हाती घेतले आहे. झाडे काढून गवत लावणे हे संवर्धन आहे, हे करदात्याला पटायचे असेल तर त्याने एकदा तरी खरा माळ पाहिलेला असला पाहिजे.

तेव्हा सहल ठरवताना आयोजकाला तीन गोष्टी स्पष्ट विचारा. राजमला पहिल्या सकाळी आहे का? मरयूर-चिन्नारचा रस्ता कार्यक्रमात आहे का? वनखात्याच्या स्थानिक वाटाड्याची सोय आहे का? उत्तर नाही असेल तर तसा बदल मागून घ्या. गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय पत्रक बदलत नाही. आणि तारखा ठरवण्याआधी एवढे पाहा, की ताहरच्या पिल्लांसाठी एरविकुलम साधारण फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने पर्यटकांना बंद असते.